कांदा, ठेचा आणि संत्र्याचा सॉस: व्हिनेगर कधी टाकायचं?

ए-२०३: रविवारच्या तर्री-पोह्यांवर टाकायला व्हिनेगरमधला कांदा करायचा आहे. प्रमाण सांगा ना कोणी. निंबू काहून नाही चालणार?

सी-४०१: तेवढ्यापुरतं निंबू चालते, दुसऱ्या दिवशी मात्र कडवट लागते. २ मध्यम लाल कांदे पातळ उभे चिर. अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर, अर्धी वाटी पाणी, १ छोटा चमचा मीठ, २ चमचे साखर. विरघळेपर्यंतच गरम कर आणि कांद्यावर ओत. अर्ध्या तासात गुलाबी. कुरकुरीत पाहिजे तर पाणी पूर्ण थंड करून ओतायचं, मग दोनेक तास धर.

ए-२०३: काकू, सोबत लसूण टाकली तर ती निळी-हिरवी पडते म्हणतात. फेकायची का?

सी-४०१: नाही गं, खायला काही होत नाही. लसणीतल्या गंधकाच्या घटकांचा आंबटात तसा रंग होतो. दिसायला नको असेल तर पाकळ्या आधी मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढ.

डी-५०२: बाटलीवर आम्लता वाचून घ्या. ४-५ टक्के असते, निम्मं पाणी घातलं की निम्मी उरते. म्हणजे हा कांदा टिकाऊ लोणचं नाही. फ्रिजमध्येच ठेवा, आठवड्यात संपवा. मे महिन्यात ओट्यावर तर नाहीच.

बी-१०५: भिवापुरी मिरचीच्या लाल ठेच्यात किती घालायचं, भाऊ?

डी-५०२: ५० ग्रॅम सुकी मिरची अर्धा तास गरम पाण्यात भिजवा. १० पाकळ्या लसूण, १ चमचा मीठ घालून वाटा, ३ मोठे चमचे तेलात मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परता. गॅस बंद केल्यावर २ मोठे चमचे व्हिनेगर. आधी टाकलं तर झणका उडून जातो आणि ती वाफ नाकातोंडात जाऊन घरभर खोकला. लोखंडी कढई नको, ठेचा काळपटतो आणि लोखंडाची चव उतरते.

ई-१०१: मंचुरियनचा सॉस पातळ होतो तो पण यामुळेच का?

डी-५०२: हो. आंबटासोबत जास्त उकळलं की कॉर्नफ्लोअरचा घट्टपणा तुटतो. सॉस आधी घट्ट करा, व्हिनेगर शेवटी.

सी-४०१: शेवटी-शेवटी काय, सगळीकडे नाही बाप्पा. संत्र्याच्या सॉसमध्ये उलटं आहे. आपल्या संत्र्याचा रस उकळला की कडू होतो. बी आणि पापुद्र्यातून हा कडूपणा रसात येतो. म्हणून मिक्सर नाही, हातानेच पिळून गाळायचा. ३ मोठे चमचे साखर कोरडीच वितळवा. मधासारखा रंग आला की लगेच गॅस बंद करून, अंगापासून दूर धरून, ३ चमचे व्हिनेगर ओता. साखर दगडासारखी घट्ट होईल, घाबरायचं नाही. मंद आचेवर परत विरघळते. तेव्हा व्हिनेगरचा उग्रपणा उडतो, आंबटपणा राहतो. मग वाटीभर रस, चिमूटभर मीठ, २ मिनिटं. बस.

बी-१०५: तळलेल्या पनीरवर?

सी-४०१: पनीरवर चालेल. मलईत मात्र घालू नका, फाटते.

ए-२०३: काकू, कांद्याला मुरांब्याची बरणी घेऊ? पत्र्याचं झाकण आहे.

सी-४०१: नको. व्हिनेगरने पत्रा गंजतो. प्लास्टिकचं झाकण शोध.