मदत हवी आहे: भाड्याच्या घरात १४.२ किलोचा सिलिंडर २४ दिवसांत संपतो, गॅस नेमका कुठे जातो?

पर्वरी११

गोव्यात पर्वरीला भाड्याचा फ्लॅट, करार अकरा महिन्यांचा. घरात चौघं: दोन मोठी माणसं, दोन शाळकरी मुलं. गेले तीन सिलिंडर प्रत्येकी साधारण २४ दिवस पुरले. खर्च जास्त वाटतोय, पण जास्त म्हणजे किती आणि कशामुळे, हे कळत नाही. रोजचा वापर असा:

भात उकड्या तांदळाचा, उघड्या टोपात, मोठ्या बर्नरवर पाऊण तास.
पिण्याचं पाणी ६ लिटर, उकळी आल्यावर वर पाच-दहा मिनिटं.
सकाळी पाव असतो, पोळ्या फक्त रात्री, अर्धा तास.
हुमण (माशाचं कालवण) आणि एक भाजी मिळून ५० मिनिटं, मध्यम आचेवर.
चहा तीनदा, दूध १ लिटर.
गॅस गीझर, मिनिटाला ६ लिटरवाला, न्हाणीघरातच बसवलेला. त्याला आणि शेगडीला एकाच सिलिंडरवरून टी-जोड लावून रबरी नळ्या दिल्या आहेत. दिवसाला सहा आंघोळी, बादलीने.

शेगडी आणि गीझर घरमालकांचे. भिंत फोडणं, मोठी खरेदी करणं शक्य नाही. खर्चाचा अंदाज कसा बांधायचा आणि कुठून कमी करायचा?

वजनकाटा

दिवस मोजू नका, ग्रॅम मोजा. १४,२०० भागिले २४ म्हणजे दिवसाला ५९२ ग्रॅम. आता हे कुठे जातात ते पाहू.

एलपीजीच्या एका किलोत सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता असते. त्यावरून सोपा आकडा निघतो: १ किलोवॅटची आच तासाला ७८ ग्रॅम गॅस खाते. घरगुती शेगडीचा मोठा बर्नर पूर्ण उघडला की २ किलोवॅटच्या आसपास, म्हणजे तासाला १५५ ग्रॅम. मध्यम आच साधारण निम्मी, सिमवर ४०-५० ग्रॅम. तुमच्या शेगडीच्या पत्र्यावर गॅस-खपाचा आकडा छापलेला असेल तर तोच धरा.

भात: पाऊण तास पूर्ण आच, ११५ ग्रॅम. पोळ्या ७५. हुमण-भाजी ६५. चहा तिन्ही वेळचा मिळून ३५, दूध १२. पिण्याचं ६ लिटर पाणी २७ अंशांवरून १०० पर्यंत न्यायला १,८३० किलोज्यूल लागतात. भारतीय मानकानुसार शेगडीची कार्यक्षमता प्रयोगशाळेत किमान ६८ टक्के असावी लागते, पण स्वयंपाकघरात ५५ ते ६० धरणंच बरं. म्हणजे उकळी येईपर्यंत ६६ ग्रॅम आणि वरची पाच-दहा मिनिटं धरून ८०. स्वयंपाकघराची बेरीज ३८२ ग्रॅम.

आंघोळ: १८ लिटरची बादली २७ वरून ४१ अंशांवर आणायची तर गीझरची कार्यक्षमता ८० टक्के धरून २९ ग्रॅम. सहा आंघोळींचे १७०. गीझरमधून कडकडीत पाणी काढून गार मिसळलं किंवा कोमटच काढलं, तरी हिशेब जवळपास तोच. बादली शेवटी किती भरली आणि किती गरम झाली, एवढंच महत्त्वाचं.

एकूण ५५२. तुमचे ५९२. फरक ४० ग्रॅमचा, सात टक्के. अंदाजातली चूक म्हणून हा फरक खपून जाईल, पण गळती असली तरी तो एवढाच दिसेल, म्हणून गळती तपासायलाच हवी.

तपासायला बाथरूमचा डिजिटल वजनकाटा पुरतो. सिलिंडरच्या वरच्या कड्याजवळच्या पट्टीवर रिकाम्या सिलिंडरचं वजन कोरलेलं असतं, बहुधा १५-१६ किलो. रेग्युलेटर बंद करून काढा, सिलिंडर सरळ काट्यावर ठेवा, आकड्यातून कोरलेलं वजन वजा करा. उरला तो गॅस. रेग्युलेटर लावलेला ठेवून वजन केलं तर नळीच्या ओढीने आकडा फसवतो. असे काटे १०० ग्रॅमच्या पायरीने दाखवतात, म्हणून रोज मोजून उपयोग नाही. दर चार दिवसांनी मोजा आणि चाराने भागा.

नवा सिलिंडर आला की वितरकाच्या माणसाकडूनच वजन करून घ्या. त्याने काटा सोबत आणायचा असतो. त्याच वेळी कड्यावरची तपासणीची तारीख बघा: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी उरलेले तीन महिने, आणि पुढे वर्ष. तारीख उलटली असेल तर सिलिंडर परत करा.

शेगडी_फोंडा

वरचा हिशेब बरोबर आहे, पण बचतीआधी गीझरचं बोलू, कारण हा जिवाचा प्रश्न आहे.

गॅस गीझर बंद न्हाणीघरात नसतोच ठेवायचा. मिनिटाला ६ लिटरचा गीझर पूर्ण चालला तर तासाला किलोभर गॅस जाळतो. छोट्या खोलीतला प्राणवायू झपाट्याने कमी होतो, ज्वलन अपुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, पाय लटपटतात, माणूस कडी काढण्याआधीच खाली पडतो. पावसात खिडकी लावून घेतली की धोका आणखी वाढतो. एक्झॉस्ट फॅनने हा प्रश्न सुटत नाही. बाहेरची हवा आत यायला वाट नसेल तर पंखा गीझरचा धूरच खोलीत ओढतो.

गीझर मागच्या बाल्कनीत हलवा आणि गरम पाणी पाइपने आत घ्या. अर्धा इंची पाइपमध्ये मीटरला पाव लिटरही पाणी मावत नाही, त्यामुळे पाच मीटर अंतर वाढलं तरी वाया जाणारं पाणी नगण्य. घरमालकांशी याच मुद्द्यावर बोला. हे होईपर्यंत गीझर बंद. बादलीभर पाणी आधी तापवून घ्या, मग न्हाणीत शिरा.

दुसरं, तो टी-जोड. रबरी नळीला टी लावणं चुकीचं. एका सिलिंडरवर दोन उपकरणं हवीत तर तांब्याची पक्की लाइन, प्रत्येक फाट्याला वेगळा कॉक (गॅसची चावी), आणि काम वितरकाच्या मेकॅनिककडून. गीझर सुरू झाल्यावर शेगडीची ज्योत खाली बसते का ते बघा. बसत असेल तर दोघांना पुरेसा गॅस मिळत नाही.

गळती अशी तपासा: शेगडीचे सगळे कॉक बंद, रेग्युलेटर चालू. भांडी घासायच्या साबणाचं दाट पाणी ब्रशने रेग्युलेटरच्या खालच्या कडेला, नळीच्या दोन्ही टोकांना, टी-जोडावर आणि कॉकच्या दांड्यांवर लावा. बुडबुडे आले तर तिथे गळती. माचीस मुळीच नको. वास आला तर रेग्युलेटर काढून सुरक्षेची टोपी लावा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, त्यामुळे खालचे दरवाजे उघडे राहायला हवेत. तातडीचा नंबर १९०६.

नळीवर वर्ष छापलेलं असतं. पाच वर्षं झाली की ती बदलायची. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको आणि नळी भिंतीतून आरपार नेलेली नको. भाड्याच्या घरांत हे सर्रास दिसतं: मालकाने बसवलेली नळी, मग तीन-चार भाडेकरू येऊन गेले, तरी कोणी बदललेली नाही.

सुरंगी

उकड्या भाताचा गॅस मात्र लगेच वाचू शकतो.

पाऊण तास पूर्ण आचेची गरजच नाही. पाणी एकदा उकळलं की ते १०० अंशांच्या वर जात नाही, आच वाढवून फक्त वाफ वाढते. तांदूळ दोन-तीन तास भिजवा. मग दोन पद्धती आहेत. पेज हवी असेल तर टोपात भरपूर पाणी घालून दहा मिनिटं खळखळून उकळा, घट्ट झाकण ठेवून गॅस बंद करा, पाऊण तास हात लावू नका. टोप जाड टॉवेलात गुंडाळला किंवा बंद लाकडी पेटीत ठेवला तर आणखी चांगलं. नंतर पुन्हा दहा मिनिटं उकळी. दाणा फुटेल, पेज दाट निघेल. पेज नको असेल तर कुकर: पहिली शिटी होईपर्यंत मोठी आच, मग दहा मिनिटं सिम, आणि वाफ आपोआप जिरू द्या. दोन्हीत साधारण ४० ग्रॅम लागतात. ११५ च्या जागी ४० म्हणजे महिन्याला सव्वादोन किलो वाचले.

कुकर भरताना निम्म्याच्या वर जाऊ नका. उकड्याचा फेस जास्त येतो, शिटीच्या भोकात अडकतो.

पाण्याबद्दल: खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरे, पुढची मिनिटं वाया. झाकण ठेवाच. आणि मार्च ते मे गच्चीवरच्या टाकीचं पाणी संध्याकाळपर्यंत इतकं तापतं की मुलांच्या आंघोळीला गीझर लागतच नाही.

पर्वरी११

सगळ्यांचे आभार. गीझर आजपासून बंद. साबणाच्या पाण्याने टी-जोडाच्या एका टोकाला बारीक बुडबुडे आले, रेग्युलेटर काढून ठेवलाय, वितरकाला कळवलंय. आणखी दोन प्रश्न. ज्योत कडेला नारिंगी दिसते, बर्नर खराब आहे का? आणि आंघोळीचं पाणी आणि थोडा स्वयंपाक विजेवर नेला तर परवडेल का?

शेगडी_फोंडा

नारिंगी ज्योतीचा निकाल भांड्याच्या बुडाला लावा. काजळी धरत नसेल तर दमट, खारट हवेतल्या मिठामुळे किंवा सांडलेल्या रश्श्यामुळे रंग येतो. गॅस वाया जात नाही. काजळी धरत असेल तर ज्योतीला हवा कमी पडतेय. बर्नरची वरची चकती काढा, भोकं ब्रशने साफ करा, चकती कोरडी करून नीट बसवा. मग खालची मिश्रण-नळी पाहा. पावसाळ्यानंतर तिथे कोळ्याचं जाळं किंवा कुंभारमाशीची माती हमखास सापडते. बाटली धुवायच्या बारीक ब्रशने नळी मोकळी होते. पितळी जेटच्या (ज्यातून गॅस सुटतो त्या तोटीच्या) भोकात सुई घालू नका. भोक किंचित जरी मोठं झालं तरी गॅस जास्त येतो, हवा तेवढीच राहते आणि काजळी कायमची लागते. असा जेट बदलूनच घ्यावा लागतो.

पंखा किंवा बाल्कनीचं दार ज्योत वाकवत असेल तर तिथेही बराच गॅस जातो. आणि सिलिंडर संपत आला म्हणून तो आडवा करू नका, तिरपाही नको: द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो. गोव्याच्या हवेत याची गरजही नसते. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो आणि ब्युटेन शून्याच्या जरा खाली, त्यामुळे इथे सिलिंडर जवळपास पूर्ण रिकामा होतो.

वजनकाटा

विजेचा हिशेब. भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण १८२ युनिट उष्णता असते. शेगडीवर त्यातली १०० ते १०९ भांड्यात पोचते. इंडक्शनवर तेवढंच काम सुमारे १२० युनिटांत होतं. म्हणून सिलिंडरची किंमत भागिले १२० हा तुमचा टप्पा, म्हणजे ज्या युनिट-दराला वीज आणि गॅस सारखेच पडतात तो. समजा सिलिंडर ९०० रुपयांना आहे, तर टप्पा साडेसात रुपये. वीजबिलातला शेवटच्या स्लॅबचा दर, अधिभार धरून, त्याच्या खाली असेल तर इंडक्शन स्वस्त. सरासरी दर घेऊ नका. नवे युनिट नेहमी वरच्या स्लॅबमध्ये पडतात.

आंघोळीची एक बादली ०.३ युनिट, सहा आंघोळींचे दोनच्या आत. फक्त इंडक्शनला आणि विजेच्या गीझरला १६ अँपिअरचा पॉइंट आणि अर्थिंग हवं. जुन्या घरांतल्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर २,००० वॅटचं उपकरण लावलं तर सॉकेट वितळतं. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून गॅस पूर्ण सोडू नका.

भात सुधारून आणि आंघोळ विजेवर नेऊन ५९२ चे ३४७ ग्रॅम होतात, म्हणजे सिलिंडर ४१ दिवस. पिण्याचं पाणीही इलेक्ट्रिक किटलीत उकळलं तर ५३.

आबोली

कागदपत्रांचं राहिलं. मालकांच्या नावावरचा सिलिंडर वापरत असाल तर कनेक्शन स्वतःच्या नावावर घ्या. भाडेकरार पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. अनामत परत मिळते, पण त्यासाठी कनेक्शन घेतानाचं व्हाउचर जपून ठेवा आणि घर सोडताना सिलिंडर, रेग्युलेटर वितरकाकडे जमा करा. मुक्काम थोडाच असेल तर ५ किलोचा छोटा सिलिंडर फक्त ओळखपत्रावर मिळतो; किलोमागे महाग पडतो.

मालकांचा अर्धा भरलेला सिलिंडर ताब्यात घेताना दोघांसमोर वजन करा आणि उरलेल्या गॅसचे किलो करारासोबतच्या यादीत लिहा. नळीवरचं वर्षही त्याच यादीत लिहा.

पाइप गॅसची लाइन इमारतीत आली तर शेगडीचे जेट बदलल्याशिवाय जोडू नका. तो मिथेन असतो, दाब वेगळा, जेटचं भोक मोठं लागतं. जुने जेट सांभाळून ठेवा, घर सोडताना मालकांची शेगडी पूर्ववत करून द्यावी लागेल.