ओंडक्यांच्या घरात उघडी फायरप्लेस की बंद स्टोव्ह?

प्रश्न: ओंडक्यांचं घर बांधतोय. बायको म्हणते, जाळ दिसला पाहिजे, उघडी फायरप्लेसच हवी. मला सरपणावर घर तापवणारा, दार असलेला बंद स्टोव्ह बरा वाटतो. काय करावं?

उत्तर: दहा हिवाळे अशा घरात काढलेत. उघड्या फायरप्लेसची बहुतेक ऊब धुराड्यातून निघून जाते. काचेच्या दाराचा स्टोव्ह घ्या, भांडण मिटेल. खरी गोम वेगळीच आहे. ओंडके वाळताना आकसतात, भिंती काही इंच खाली बसतात. धुराडं मात्र हलत नाही. आम्ही ते छताला पक्कं जखडलं होतं. दुसऱ्याच वर्षी धुराड्याभोवतीचा पत्रा उचकटला आणि पाणी थेट स्टोव्हवर! तिथे सरकता सांधाच ठेवा, म्हणजे छत धुराड्यावरून खाली सरकू शकेल.

प्रश्नकर्ता: हे कुणी बोललंच नव्हतं! स्टोव्ह मोठाच घेऊ ना?

उत्तर: अजिबात नको. मोठा स्टोव्ह सतत मंद ठेवावा लागतो. मग धुराड्यात डांबरासारखी काजळी धरते, आणि एक दिवस तीच पेटते. लाकूडही २० टक्क्यांहून कमी ओलाव्याचं हवं.

आणखी एक: कुणाचा जुना, सुरक्षा-चाचणीचं प्रमाणपत्र नसलेला स्टोव्ह आणणार असाल तर भिंतीपासून ३६ इंच लांब. ओंडका कितीही जाड असो, शेवटी सरपणच ते.