'भौतिक पत्ता' कळवा म्हटलं, तर लोक काय कळवतात?

एका सूचनापत्रकात मी लिहिलं : 'आपल्या संगणकाचा भौतिक पत्ता कळवा.' हवा होता मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवर यंत्र ओळखायचा आकडा. एकीने कळवलं, 'दुसरा मजला, खिडकीजवळचं टेबल.' चूक तिची नाही, पण विंडोजही 'फिजिकल ॲड्रेस'च म्हणतं. दुसरा शब्द आहे का?

— 'भौतिक' काढाच, पण खरी गोची 'पत्ता'मध्ये आहे. पत्ता लागणे, थांगपत्ता, बेपत्ता, सगळीकडे अर्थ ठावठिकाण्याचा. तो आयपी ॲड्रेसला, म्हणजे नेटवर्कमध्ये शिरल्यावर यंत्राला मिळणाऱ्या आकड्याला शोभतो, कारण नेटवर्क बदललं की तो बहुधा बदलतो. मॅक नेटवर्क कार्डाबरोबर फिरतो. 'जन्मखूण' कसं वाटतं?

— शब्द गोड आहे, पण फोनवाल्यांनी पंचाईत केलीय. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन एकेका वायफायला वेगळा, बनवलेला मॅक दाखवू शकतो. मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो कारखान्यातला नव्हे, नंतर दिलेला. जन्मखूण कसली, मुखवटा म्हणा!

— माझा आक्षेप 'संगणकाचा' या शब्दाला. हा आकडा नेटवर्क कार्डाचा असतो. लॅपटॉपमध्ये वायफायचा वेगळा, केबलचा वेगळा, ब्लूटूथचा आणखी वेगळा. नुसतं 'संगणकाचा' म्हणाल तर निम्मे लोक भलताच उतरवून देतील. आकड्याची घडण मात्र मजेदार आहे : दोन-दोनच्या सहा जोड्या, अंक शून्य ते नऊ आणि अक्षरं ए ते एफ. मूळच्या आकड्यात पहिल्या तीन जोड्या बहुधा बनवणाऱ्या कंपनीच्या, आयट्रिपलई या संस्थेकडून घेतलेल्या. म्हणजे आडनाव आधी, नाव नंतर.

— आणि 'मॅक' म्हणजे ॲपलचा संगणक नव्हे, हेही लिहा. मीडिया ॲक्सेस कंट्रोलचं ते लघुरूप. विंडोजवाल्यांना तो विचारू नये, असं समजणारे भेटलेत.

— सगळ्यांचे आभार. 'मॅक ॲड्रेस'च ठेवते. मजकूर असा : 'कमांड प्रॉम्प्ट उघडा. आयपीकॉन्फिग, मग जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि ऑल, असं इंग्रजीत टाइप करा. वायफायच्या मथळ्याखाली "फिजिकल ॲड्रेस" या ओळीपुढच्या सहा जोड्या कळवा.' लिनक्सवाल्यांसाठी 'आयपी लिंक' ही आज्ञा, तिथे 'लिंक/ईथर'च्या पुढे बघायचं. 'मजला नको' असं कंसात लिहिणार होते, आवरलं.