मदत हवी आहे: ऐन घाटात पेडल दाबूनही गाडी ओढेना

मंडळी, परवा कसारा घाट चढताना गाडीने अचानक दम टाकला. चेक इंजिनचा दिवा लागला, पेडल पूर्ण दाबलं तरी वेग वाढेना. मागे ट्रक, शेजारी आई! कडेला घेऊन बंद-चालू केली, तर जणू काही झालंच नव्हतं. स्कॅनरवर पी२१३८ कोड आला, म्हणजे पेडलमधल्या दोन सेन्सरांचा मेळ बसत नाही. म्हणून कॉम्प्युटरने ताकद कमी केली. पेडल थेट केबलने इंजिनला जोडलेल्या जुन्या गाडीत ही भानगड नव्हती. सर्व्हिस सेंटरवाले अख्खं पेडल बदला म्हणतात, आमचा मेकॅनिक म्हणतो आधी कनेक्टर आणि वायरिंग बघू. कोणाचं ऐकू? आणि उलट वेग अडकलाच, तर ब्रेक दाबल्यावर थ्रॉटल (इंजिनला हवा सोडणारी झडप) आपोआप बंद होण्याची सोय माझ्या २०१४ च्या गाडीत आहे का, हे कुठे कळेल?