सौम्य रंगाच्या भिंती : आपले अनुभव

दसरा-दिवाळीच्या तोंडावर आपल्या सीमाभागात घरे रंगवायला निघतात. पांढरट, बदामी, फिकट राखाडी हे रंग शेडकार्डावर निर्धोक वाटतात, पण भिंतीवर चढले की त्यांच्या पोटातली गुलाबी, हिरवी किंवा निळी झाक बाहेर येते. टिळकवाडीतल्या आमच्या उत्तरेकडच्या खोलीत ऊन फारसे येत नाही; तिला गेल्या दिवाळीत मी राखाडी दिला आणि जुलैच्या झडीत ती इतकी निळसर, गारठलेली भासू लागली की सासूबाईंनी तिथे पोथी वाचायला बसणेच सोडले. आपल्या घरी काय घडले, ते कृपया सविस्तर लिहावे.

खानापूरहून :
ताई, आमच्या कौलारू घराच्या सोप्यात तांबड्या ऑक्साइडचा कोबा आहे. तिथे आम्ही मोतिया पांढरा लावला आणि सकाळी पाहतो तो कमरेपर्यंतची भिंत गुलाबी! चुकीचा डबा आला असे समजून मी दुकानात जायला निघालो होतो. रंगारी मामांनी काही न बोलता धुतलेले पांढरे धोतर कोब्यावर अंथरले आणि तो गुलाबीपणा डोळ्यांदेखत उतरला. दारातून येणारे ऊन कोब्यावर पडून तांबूस होत होते आणि तोच उजेड भिंतीवर चढत होता. मग किंचित हिरवट झाकेचा पांढरट निवडला, कारण हिरवी झाक तांबूसपणा मारते. आता ती भिंत खरोखर पांढरट दिसते. बाहेरून मात्र फिका रंग जमिनीपर्यंत नेऊ नये. आमच्याकडच्या पावसात तांबडी माती दीड हात उडते, म्हणूनच वडीलधारी मंडळी खाली कावेचा पट्टा ओढत असत.

निपाणीहून :
दुकानातल्या पिवळसर दिव्यांत बदामी पसंत केला. घरच्या ६५०० केल्व्हिनच्या (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगछटेचे माप) पांढऱ्या दिव्यांत तो शेवाळी दिसला. सुमारे ३००० केल्व्हिनचे दिवे बसवल्यावर तोच रंग उबदार वाटू लागला. पुढच्या खोलीत आधी दोन फूट लांबी-रुंदीचा तुकडा दोन हात देऊन रंगवला आणि सकाळ, दुपार, दिवेलागण असा तीन दिवस पाहिला.

अथणीहून :
आमच्या पश्चिमेच्या खोलीत शुभ्र पांढरा डोळ्यांवर येत असे. काळ्याला ० आणि शुभ्राला १०० अशा प्रकाश परावर्तनाच्या मापावर ६५ च्या आसपासचा वाळूचा रंग लावला; डोळे निवले.

वडगाव, बेळगावहून :
नव्या गिलाव्याला २८ दिवसही न देता आम्ही रंग चढवला. पावसाळ्यात लोणा (भिंतीतला क्षार) फुटला आणि फिकट राखाडीवर त्याचे पांढरे डाग सोप्याच्या दारातूनच दिसू लागले. सगळे खरवडून, भिंत सुकवून पुन्हा काम केले. या वेळी सर्व डबे आधी मोठ्या पिंपात एकत्र ढवळले, कारण वेगवेगळ्या दिवशी मिसळून आणलेल्या एकाच शेडच्या डब्यांतही थोडा फरक पडतो आणि सौम्य रंगात तो लपत नाही. उरलेला रंग झाकण घट्ट लावून माळ्यावर ठेवला आहे. डब्यावर खोली, शेडचा क्रमांक आणि तारीख लिहिली आहे.