गाडीमागे 50 रुपये: ग्रामसभेच्या ठरावावर घेता येतात का?

ताम्हिणीकडची:
मी ग्रामपंचायत सदस्य, पहिलीच टर्म. आमचं गाव ताम्हिणीच्या वाटेवर. पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधब्यापाशी गाड्यांची ही रांग. सोमवारी ट्रॉलीभर बाटल्या, थर्माकोलच्या प्लेटा नि डायपर निघतात. डिझेल आणि मजुरी आमच्या खात्यातून. म्हणून ग्रामसभेत एकमताने ठराव घेतला, बाहेरच्या गाडीमागे 50 रुपये. ग्रामसेवक अडून बसलेत, म्हणतात पावती फाडली तर माझी चौकशी लागेल. सरपंच म्हणतात ग्रामसभा सर्वोच्च. खरं कोणाचं? माथेरानला घेतातच की माणशी कर!

पेठेतला:
रोड टॅक्स भरतो, टोल भरतो, आता गावालापण द्यायचे?

ताम्हिणीकडची:
दादा, डायपर घरी घेऊन जा, मग काही देऊ नका.

नमुना_आठ:
ताई, ग्रामसेवकाचं बरोबर आहे. मी विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो, असे ठराव ढिगाने पाहिलेत. घटनेचा अनुच्छेद 265 सांगतो, कायद्याच्या आधाराशिवाय कर नाही. 73 व्या घटनादुरुस्तीनेही पंचायतीला तो अधिकार थेट दिला नाही, विधिमंडळाने कायदा करून द्यायचा असं ठेवलं. आपल्याकडे तो 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमात, कलम 124 मध्ये आहे. ती यादी वाचाच एकदा. घरपट्टी आहे, बाजार फी आहे, यात्रेकरूंवरचा कर आहे. सायकल आणि जनावरांनी ओढायच्या गाड्यासुद्धा आहेत! मोटार मात्र नाही, तो कर राज्याचा. माथेरानला नगरपरिषद आहे, तिचा कायदाच वेगळा.

रस्त्यात दोरी बांधून पैसे घेऊ नका. पंचायतीच्या मालकीची जागा असेल तर तिथे वाहनतळ करा, स्वच्छतागृह बांधा आणि त्या सोयीचं शुल्क घ्या. जो गाडी लावेल तो देईल. धबधबा वनखात्याच्या हद्दीत असेल तर आधी त्यांच्याशी बोला, नाहीतर दोन पावत्यांवरून भांडणं होतील.

पण त्याआधी नमुना 8, म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंदवही, उघडा. तुमच्याकडे पुण्या-मुंबईवाल्यांचे बंगले किती आणि त्यांची आकारणी कसली झालीय? 2015 पासून घरपट्टी भांडवली मूल्यावर, म्हणजे जागा-इमारतीच्या किमतीवर आहे, दर चार वर्षांनी फेरआकारणी करायची असते. मोबाइल टॉवर असेल तर तोही बघा. टॉवरवर मालमत्ता कर लागू शकतो असं सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितलं होतं, पण 2023 च्या दूरसंचार कायद्यानंतर तो लागतो का हे आधी तपासून घ्या. हाताशी असलेला कर वसूल न करता नवा शोधायचा, ही आपली जुनी खोड.

लेखापाल:
वसुलीचं मान्य. पण कायदाही तोकडाच आहे हो. नगरपालिकांची जकात, म्हणजे गावात येणाऱ्या मालावरचा कर, 1999 ला गेली, तेव्हापासून आम्ही नगरपालिकावाले अनुदानाकडे डोळे लावून. महापालिकांचंही 2017 ला जीएसटी आल्यावर तेच. त्यांना निदान भरपाईचा स्वतंत्र कायदा मिळाला, दरवर्षी 8 टक्के वाढीचा. व्यवसाय कर घ्या. केरळ, तमिळनाडूत तो स्थानिक संस्था वसूल करतात, आपल्याकडे 1975 च्या कायद्याने रोजगार हमीसाठी राज्य घेतं. तुमच्या रिसॉर्टवाल्यांचाही तिकडेच जातो. ताई, आमदार गावात आले की त्यांच्याकडे सभामंडप मागू नका, कलम 124 मध्ये पर्यटकांसाठी एक ओळ वाढवून मागा.

ताम्हिणीकडची:
आमदारांना निवेदन देतेच. नमुना 8 आज काढून बघितला. 'पत्र्याचं घर' अशी नोंद आहे तिथे दुमजली बंगला आणि पोहण्याचा तलाव. मालक आमच्या सरपंचांचे व्याही. फेरआकारणीची नोटीस त्यांच्या मुंबईच्या पत्त्यावर पाठवायची की दारावर डकवायची?

नमुना_आठ:
दोन्ही करा. डकवताना दोन साक्षीदार घ्या, फोटो काढा. आणि हा विषय मासिक सभेच्या अजेंड्यावर लेखी आणा, तोंडी नको.