ठाण्याचा सूर्योदय नेमका कोणता धरायचा?

प्रश्न (नौपाडा): भाचीची पत्रिका हाताने मांडतेय. जन्म ठाण्यातला, जानेवारीत, सकाळी ९:३६. एका ॲपमध्ये सूर्योदय ७:१२, दुसऱ्यात ७:१६. २४ मिनिटांची घटी (६० पळांची) धरली तर इष्टकाल, म्हणजे सूर्योदयापासून जन्मापर्यंतचा वेळ, एकीकडे ६ घटी, दुसरीकडे ५ घटी ५० पळे. दहा पळं अशी सोडवत नाहीत हो.

उत्तर: ताई, दोन्ही खरे. ७:१२ ला बिंबाची वरची कड दिसते, वक्रीभवनामुळे (हवेत प्रकाश वाकल्याने) जरा आधीच. ७:१६ ला वक्रीभवन न धरता बिंबाचा मध्य क्षितिजावर येतो. इष्टघटीला मी मध्यच घेतो.

उत्तर: लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारा राशीचा अंश) नाक्षत्रकाळावरून, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेल्या वेळेवरून काढा, सूर्योदय लागतच नाही. ठाणे सुमारे ७३° पूर्वेला, म्हणून स्थानिक वेळेसाठी प्रमाणवेळेतून ३८ मिनिटं वजा करा.

नौपाडा: दोन्ही रीतींनी मांडून लग्नाचे अंश ताडून बघते.